दोन्ही संघ प्रार्थना करतात, मग जिंकतं कोण?

प्रश्न : मुलगी शिकायला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आहे. मैत्रिणीबरोबर ती मसाया युनिव्हर्सिटी आणि एलिझाबेथटाउन कॉलेज यांचा फुटबॉल सामना बघायला गेली होती. सामन्याआधी मसायाची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, गोल करून प्रार्थना करत होती. मग शिट्टी वाजली आणि हीच पोरं अशी तुटून पडली, की आपल्या शाहू स्टेडियमवरची पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची लढत आठवावी. देवाचं नाव घेऊन एवढी ईर्ष्या? ही श्रद्धा म्हणायची, की प्रशिक्षकाची युक्ती? आणि देव नेमका कुणाच्या बाजूने?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर जुन्या निकालांत आयतं पडलेलं आहे. २००९ साली अमेरिकन कॉलेजांच्या डिव्हिजन थ्री या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्याला मसायासमोर मिशिगनचं कॅल्व्हिन कॉलेज होतं. २०१७ च्या अंतिम सामन्यात शिकागोची नॉर्थ पार्क युनिव्हर्सिटी होती. तिन्ही संस्था चर्चच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या. दोन्ही वेळा मसाया जिंकलं. आता देवाने मसायाचं ऐकलं आणि कॅल्व्हिनकडे कानाडोळा केला, असं म्हणायला तिथला कट्टर पाद्रीही धजावणार नाही. दोन्ही बाजूंनी एकाच देवाला हात जोडलेले असताना ‘आम्हाला जिंकव’ ही मागणी आपोआप निकामी होते, आणि हे त्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग रिंगण करून ती मागतात काय? बहुतेक वेळा साध्या गोष्टी. कुणाला दुखापत होऊ नये, डोकं ठिकाणावर राहावं, समोरच्यांनाही चांगला खेळ मिळावा, आणि खेळायला अंगात बळ आहे याबद्दल आभार. ईर्ष्येचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत धावपटू आणि मुष्टियोद्धे दाखल्याला येतात, म्हणून ख्रिस्ती खेळाडूंना पौल फार जवळचा. त्यातही कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातला एक विचार या मंडळींच्या तोंडी सतत असतो : हातातलं काम माणसांना दाखवायला नव्हे, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करावं. (मूळ पत्रात हा उपदेश दासांना केलेला आहे. टी-शर्टवर छापताना ते कुणी सांगत नाही.) एकदा हे मनावर घेतलं, की अर्ध्या मनाने केलेला सरावच पाप ठरतो. चार गोलांची आघाडी असली तरी पळणं कमी करायचं नाही आणि चार गोल खाल्ले तरीही नाही, कारण गुणफलकाकडे बघून खेळायचंच नसतं. २०१२ च्या अंतिम सामन्यात मसायाने ओहायो नॉर्दर्नला ५-१ असं हरवलं, ते याच वृत्तीने. तेव्हा तुमच्या मुलीने पाहिलेली प्रार्थना आणि त्यानंतरचं तुटून पडणं यांत त्या पोरांना विसंगती वाटतच नाही. त्यांच्या लेखी शिट्टीनंतर प्रार्थना संपत नाही, पायांनी सुरू होते.

आता युक्तीचा प्रश्न. तो रास्त आहे, कारण मसायाचं यश संशय यावा इतकं मोठं आहे. ‘ब्रदरन इन क्राइस्ट’ या छोट्या पंथाने १९०९ साली काढलेलं हे कॉलेज, हॅरिसबर्गजवळच्या शेतीवाडीच्या भागात. पुरुषांच्या संघाने २००० ते २०१७ या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, महिलांच्या संघाने २००५ ते २०१९ या काळात ६. व्हीटन या इलिनॉयमधल्या ख्रिस्ती कॉलेजच्या मुलींनी २००४, २००६ आणि २००७ साली हीच स्पर्धा जिंकली. २०१० साली टेक्सासच्या हार्डिन-सिमन्सने, म्हणजे बॅप्टिस्टांच्या संस्थेने, करंडक नेला. गोळाबेरीज केली तर २००४ पासून २०१२ पर्यंत सलग नऊ वर्षं डिव्हिजन थ्रीमधलं महिलांचं विजेतेपद ख्रिस्ती कॉलेजांबाहेर गेलंच नाही. या गटात चारशेहून अधिक कॉलेजं आहेत, हे लक्षात घेतलं की आकडा जास्त बोलतो.

चमत्कार मानायची गरज नाही. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, असा नियम आहे. मोठी विद्यापीठं चांगल्या खेळाडूला फी माफ करून ओढून नेतात, इथे ती सोय नाही. मग गुणी मुलगा फी भरून अशा कॉलेजात का येईल? ज्या घरात रविवारचं चर्च चुकत नाही, ज्या आईबापांना मुलगा चांगल्या संगतीत राहावा असं वाटतं, त्या घरांसाठी उत्तर तयार असतं. अशी घरं अमेरिकेत सर्वदूर आहेत आणि अशी कॉलेजं मोजकी. म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मोठ्या विद्यापीठांच्या गटात, चमकू शकला असता असा एखादा पोरगा श्रद्धेपायी डिव्हिजन थ्रीत येतो. दुसरं कारण त्याहून साधं. मसायाचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात त्याचा, संघच नाही. शरद ऋतूत इतर कॉलेजांत जी गर्दी, जे लाड त्या खेळाचे होतात, ते इथे आपल्या फुटबॉलच्या वाट्याला येतात.

तिसरं कारण डेव्ह ब्रँट. १९९७ ते २००८ या काळात पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक असताना त्यांनी अकरांतली पहिली सहा विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्यामागून आलेल्या ब्रॅड मॅकार्टी यांनी पुढची पाच. मसायाच्या या पद्धतीवर मायकेल झिगारेली या तिथल्याच प्राध्यापकांनी २०११ साली ‘द मसाया मेथड’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात सांगितलेली पहिली शिस्त अशी की, जिंकण्यापेक्षा मोठं काहीतरी उद्दिष्ट धरावं. वाचताना मला थोडं हसू आलं, कारण त्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हा देशातला सर्वाधिक जिंकणारा संघ असल्याचंही ठळकपणे सांगितलेलं आहे! मात्र त्यातली खेळाडू निवडण्याची बाजू पटते. नुसता पायात जादू असलेला नको आणि नुसता सालस, देवभोळाही नको. दोन्ही एकाच अंगात असलेला शोधायचा, त्यासाठी थांबायची तयारी ठेवायची. म्हणजे माझं मत विचाराल तर असं : विजेतेपदं आणली ती निवडीने आणि सरावाने. श्रद्धेने त्या सरावाला कारण पुरवलं आणि जिंकण्याच्या नशेला लगाम घातला. याला युक्ती म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती प्रशिक्षक स्वतःही मनापासून मानतो.

लगाम कुठे दिसतो, तर बाकावर. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे नियम आपल्यासारखे नाहीत. आपल्याकडे बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. तिथे पहिल्या सत्रात बाहेर काढलेल्याला दुसऱ्या सत्रात पुन्हा उतरवता येतं, म्हणून संघ मोठे ठेवतात आणि बदल सारखे होतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात सरावाचा धडाका सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अंतिम सामना. या साडेतीन महिन्यांत पंचवीस-तीस पोरांतली कितीतरी जण अंगावर ट्रॅकसूट चढवून रेषेबाहेरच उभी असतात. ‘प्रभूसाठी खेळतो’ हे गोल मारणाऱ्याने म्हणणं फुकटचं आहे. ज्याची जागा नवख्या पोराने घेतली, त्याने त्याच पोराला पाण्याची बाटली आणून द्यायची आणि आठवड्याच्या बायबलवाचनाला शेजारी बसायचं, तिथे कस लागतो. सकाळी मैदानात ज्याने घोट्यावर टॅकल केला, त्याच्याच घोट्यासाठी संध्याकाळी प्रार्थना करायची वेळ येते. काहींना ते जमतं. काही जण गप्प बसून वर्ष काढतात.

आणि इथेच मला एक गोष्ट खटकते. अकरा जणांची यादी ठरवणारा आणि प्रार्थनेचा सूर लावणारा माणूस एकच असतो. एखाद्या मुलाची श्रद्धा दुसऱ्या वर्षात डळमळली तर त्याने ते कुणाला सांगायचं? प्रशिक्षक कितीही भला असो, पोराच्या मनात येणारच की आपण प्रार्थनेच्या रिंगणात उभे राहिलो नाही तर संघातूनही बाहेर जाऊ. खासगी ख्रिस्ती कॉलेजात निदान प्रवेश घेतानाच सगळं सांगितलेलं असतं. व्हीटनमध्ये विद्यार्थी कसं वागायचं याचा लेखी करार मान्य करूनच येतो. तरी अठराव्या वर्षी मान्य केलेलं विसाव्या वर्षी पटेलच असं नाही.

प्रश्न (त्याच पत्रातला) : हे सरकारी कॉलेजात चालतं का?

उत्तर : असं उघड, संघाचा कार्यक्रम म्हणून नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सरकारी संस्थेला धर्म पुढे करता येत नाही. २००० साली टेक्सासच्या सांता फे इथल्या शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. मग २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन हायस्कूलच्या प्रशिक्षकाचा खटला आला. अमेरिकन फुटबॉलचे सामने संपल्यावर ते मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करत आणि मुलं भोवती जमत. ही त्यांची खासगी प्रार्थना आहे, असं म्हणत न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. याच प्रकरणात एका पालकाची तक्रार नोंदली गेली होती : मुलगा नास्तिक, तरी सहभागी झालो नाही तर खेळायला कमी मिळेल या धास्तीने तो जात होता. वर मी जे म्हणालो ते हेच.

म्हणून सरकारी विद्यापीठांत हे काम बाहेरच्या संस्था करतात. ओक्लाहोमातल्या एका बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या कल्पनेतून १९५४ साली ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अॅथलीट्स’ निघाली, १९६६ साली ‘अॅथलीट्स इन अॅक्शन’. ज्याला यायचं तो येतो, प्रशिक्षकाच्या वहीत हजेरी नसते. खरं तर मला हीच व्यवस्था जास्त निकोप वाटते.

प्रश्न : मुलगी सांगते, प्रेक्षक एकमेकांवर काहीतरी पांढरं फेकत होते. दगड तर नव्हेत?

उत्तर : घाबरू नका. मार्शमॅलो. साखरेचा फुगीर, कापसासारखा गोळा, लागला तरी कळत नाही. मसाया-एलिझाबेथटाउन सामन्याचं नावच ‘मार्शमॅलो बोल’ आहे आणि दोन्ही कॉलेजांची पोरं पिशव्या भरभरून ते घेऊन येतात. गंमत अशी की दोन्ही कॉलेजं शांतिवादी ख्रिस्ती परंपरेतली. एलिझाबेथटाउन १८९९ साली ‘चर्च ऑफ द ब्रदरन’च्या लोकांनी काढलं. शस्त्र हाती धरायचं नाही, सैन्यात जायचं नाही, ही या पंथांची जुनी शिकवण. त्यांच्या वैराला याहून शोभेसं हत्यार सापडलं नसतं. (मसायाला सहा करंडक मिळवून दिल्यावर डेव्ह ब्रँट गेले कुठे, तर अमेरिकेच्या नौदल अकादमीत, प्रशिक्षक म्हणून. पंथातल्या जुन्या माणसांना काय वाटलं असेल, कोण जाणे.)

प्रश्न : आपल्याकडे असं कुठे आहे?

उत्तर : गोव्यात मुळाशी आहे. तिथे फुटबॉल आणला तोच एका पाद्र्याने. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीत मुलांना तो खेळायला शिकवलं. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘पिळदार ख्रिस्तीपणा’ची लाट होती : शरीर कमावणं, संघात खेळणं हीही धर्माचीच शिकवण, असं मानणारी. १८७४ ला निघालेला अॅस्टन व्हिला आणि १८७८ चा एव्हर्टन, हे दोन्ही क्लब मेथडिस्ट चर्चच्या मंडळींतून उभे राहिले. वायएमसीएने १८९१ साली बास्केटबॉल आणि १८९५ साली व्हॉलीबॉल जन्माला घातला, तोही याच विचारातून. गोव्यात चर्चशेजारचं मैदान आणि फेस्ताच्या वेळच्या स्पर्धा अजून आहेत. पण तिथला खेळाडू छातीवर क्रूस करून मैदानात उतरतो तो आपापला. संघ बांधण्याची पद्धत म्हणून श्रद्धा वापरणं, रोज बसून तिचा अभ्यास करणं, बाकावरच्या पोराशी तिचा संबंध जोडणं, ही खास अमेरिकन कॉलेजांची घडण आहे.

कोल्हापूरकराला तिचा अंदाज दुसऱ्या वाटेने येईल. तुमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे. तालमीत मारुती असतो, लाल मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय पैलवान आत उतरत नाही, आणि त्या मारुतीकडे ‘आज समोरच्याला पाड’ असं तो मागत नाही. जोर-बैठका चुकू नयेत, अंगात बळ यावं, एवढंच मागतो. फरक आहे तो पेठेचा. तुमच्या पोरांची ईर्ष्या पेठेपायी, गल्लीपायी, आजोबांच्या काळापासूनच्या हिशेबापायी. मसायाच्या पोराला पेठ नसते. तो कुठल्या तरी दूरच्या गावातून चार वर्षांसाठी येतो आणि निघून जातो, त्याच्या शेजारी उभा असलेला पोरगा ऑगस्टपर्यंत अनोळखी असतो. पेठेचं काम तिथे चर्चला करावं लागतं.