पक्क्या लायसन्सच्या आधी

तुझं लर्निंग लायसन्स निघालं, हे काकूनं फोनवर सांगितलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढच्याच वाक्याला ती म्हणाली, "दादानं एजंटाशी बोलून ठेवलंय, टेस्टच्या दिवशी हिनं नुसतं जाऊन उभं राहायचं." ते ऐकलं आणि ठरवलं, तुझ्याशी एकदा निवांत बोलायचंच.

अगं, ही टेस्ट टाळायची गोष्ट नाही. घरचे लोक आपली गाडी बघून एक तर घाबरतात, नाहीतर कौतुक करतात. खरं कुणी सांगत नाही. टेस्ट घेणाऱ्या इन्स्पेक्टरला तुझं मन राखायचं नसतं. या मुलीच्या हाती गाडी देऊन तिला रस्त्यावर सोडावं का, एवढंच तो बघतो. असं परकं, निःपक्षपाती मत आपल्याला पुन्हा मिळत नाही. ते विकत घेतलेल्या सहीनं झाकायचं कशाला? एजंट कागद सांभाळेल गं. पण आपल्या शहरातल्या जालना रोडवर सेव्हन हिल्सच्या पुलाखाली अचानक रिक्षा आडवी आली की ब्रेकवर पाय तुझाच असणार आहे.

आणि खर्च म्हणशील तर एका प्रकारच्या वाहनाच्या टेस्टची सरकारी फी ३०० रुपये, लायसन्सचे २००, कार्डाचे आणि पोस्टाचे थोडे वर. अर्ज, फी, अपॉइंटमेंट सगळं 'सारथी' पोर्टलवर होतं. तू कॉलेजच्या प्रवेशाचे, परीक्षांचे फॉर्म स्वतः भरलेस. हा त्याहून अवघड नाही.

आता एक विचारते, खरं सांग. लर्निंगची परीक्षा तू घरी बसून दिलीस ना, आधारवरून? २०२१ पासून आपल्याकडे ती सोय आहे आणि मुलींसाठी ती फारच चांगली झाली. पण उत्तरं तूच दिलीस की शेजारी बसून कुणी सांगत होतं? सांगितली असतील तर मी रागावणार नाही. फक्त आता ते सगळं पुन्हा नीट वाच. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती, एवढं तर तुला पाठ असेल. पण घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे कन्नडच्या औट्रम घाटात समोरून गाडी आल्यावर आठवायला लागलीस तर उपयोग नाही. घाटी दवाखान्यासमोर हॉर्न का वाजवायचा नाही, चौकातल्या बेटाभोवती फिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी का जाऊ द्यायचं, हे कळून घे. टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टर एखादी खूण दाखवून सहज विचारू शकतो.

तारखांचं गणित सोपं आहे. लर्निंग निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग सहा महिनेच चालतं. बहुतेक मुली पहिला महिना जोरात शिकतात, मग परीक्षा, लग्नसराई, पाऊस असं करत पाच महिने जातात आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. तू तसं होऊ देऊ नकोस. दीड-दोन महिन्यांत, हात ताजा असतानाच टेस्ट दे. या काळात गाडीला पुढं-मागं लाल अक्षरातला 'एल' हवाच. पांढरा चौकोन किमान १८ सेंटिमीटरचा, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, असं नियमात माप दिलेलं आहे. स्केचपेननं काढलेला एवढासा कागद चालत नाही. लाजू नकोस त्या 'एल'ची. मागचा माणूस तो बघून जरा अंतर ठेवतो. आणि स्कूटीवर शिकताना मागे मैत्रिणीला बसवायचं नाही. बसायचं तर शिकवणाऱ्यानं, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स हवं.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगते. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. पहिले काही दिवस तो असायलाच हवा. पण पुष्कळदा शेवटच्या दिवसापर्यंत क्लच तेच दाबत राहतात. तुला वाटतं आपल्याला गाडी आली, आणि घरच्या गाडीत बसलीस की ती पहिल्याच चौकात बंद पडते. म्हणून दुसरा आठवडा लागला की सरांना स्पष्ट म्हण, "सर, आज तुम्ही पाय मागे घ्या, गाडी बंद पडली तर पडू दे." त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. गाडी बंद पडली की ब्रेक दाबून ठेवायचा, न्यूट्रल करायचं, पुन्हा चालू करायची. मागून कितीही हॉर्न वाजू देत. ज्या मुलीला भर रस्त्यात बंद पडलेली गाडी शांतपणे चालू करता येते, ती टेस्टला घाबरत नाही.

सरावासाठी पहाटे विद्यापीठाच्या आवारातले रस्ते चांगले. रुंद, झाडांचे, आणि फिरायला आलेल्या माणसांमुळे वेग आपोआप कमी राहतो. हात बसला की सिडकोतल्या एन-भागांतल्या आतल्या गल्ल्या घे. तिथं दर पन्नास पावलांवर वळण आणि प्रत्येक वळणावर एखादं पोर सायकलवर. जालना रोड सगळ्यात शेवटी. शहरातल्या जुन्या दरवाजांकडेही एकदा मुद्दाम जा. कमान अरुंद असते, समोरून कोणीतरी शिरलेलं असतं, आणि थांबायचं की निघायचं हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं. थांब. नेहमी थांब. तिथं थांबायला शिकलीस की तुझा अर्धा अभ्यास झाला.

आता टेस्टमध्ये काय बघतात? लोक सांगतात, 'आठ' काढला की झालं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातल्या पंधराव्या नियमात यादीच दिलेली आहे. आधी आरसा नीट करणं, सीटबेल्ट लावणं. मग सुरक्षितपणे निघणं, चढावर आणि उतारावरही. गिअर वेळेवर बदलणं. हातानं आणि दिव्यानं इशारा देणं. थांबणं, साधं आणि अचानकही. मर्यादित जागेत गाडी वळवून मागे घेणं. पायी चालणाऱ्याला वाट देणं. ही यादी वाचलीस तर एक गोष्ट ध्यानात येईल. यातलं निम्मं काम डोळ्यांचं आहे. हातापायांचं काम नंतर येतं. इन्स्पेक्टरलाही आधी तुझी मान दिसते. निघण्यापूर्वी तू आरशात बघितलंस का, वळण्यापूर्वी खांद्यावरून मागे नजर टाकलीस का. हे तू सवयीनं करत असलीस तर बाकीच्या लहानसहान गोष्टी त्याला मोठ्या वाटत नाहीत. नुसतं बघितल्यासारखं करू नकोस, खरंच बघ.

हाताचे इशारे मुली हमखास विसरतात, कारण रोजच्या रस्त्यात ते कुणी करत नाही. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. वेग कमी करायचा तर हात आडवा धरून, तळवा खाली ठेवून वर-खाली. थांबायचं तर कोपरातून हात उभा. घरी आरशासमोर कर, हसत कर, पण कर.

दुचाकीचा 'आठ' मात्र हौसेनं शिक. मैदानावर फक्की टाकून दोन गोल आखून घे, एकमेकांना लागून. पहिली गोष्ट, पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. चाकाकडे बघितलं की तोल जातो आणि पाय खाली टेकतो. जिथं जायचंय तिथं, म्हणजे गोलाच्या पुढच्या कडेला, नजर ठेव. मान वळव, गाडी मानेच्या मागे येते. एक्सलरेटर एकसारखा, अगदी थोडा, आणि मागचा ब्रेक हलकासा लावून वेग आवर. पुढचा ब्रेक वळणावर नको, गाडी झटका खाते. सावकाश जायला जमलं की 'आठ' जमला. वेगानं कुणालाही जमतो, टेस्ट सावकाशपणाची आहे. हेल्मेट घालूनच सराव कर, नाहीतर टेस्टच्या दिवशी ते डोक्यावर परकं वाटतं.

आणि तो स्कार्फ! आपल्याकडे मुली फक्त डोळे उघडे ठेवून बांधतात. उन्हात त्याला इलाज नाही, मला कळतं. पण हेल्मेटखाली तसा स्कार्फ बांधलास की कडेचं दिसतं का, हे घरीच तपासून बघ. नसेल दिसत तर टेस्टपुरता सोड. ओढणी कमरेला गाठ मारून घे, तिचं टोक मागच्या चाकाकडे जाता कामा नये. पायात मागे पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट.

एक महत्त्वाचं राहिलंच. अर्जात वाहनाचा प्रकार नीट बघ. स्कूटीवर टेस्ट दिलीस तर लायसन्स बिनगिअरच्या दुचाकीचं मिळतं, त्यावर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. पुढंमागं चालवायची इच्छा असेल तर आत्ताच गिअरच्या दुचाकीसाठी अर्ज कर. कुणी म्हणेल, मुलीला बुलेट कशाला. त्या लोकांना सांग, वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात आणि शेंद्र्याला स्कोडाच्या. गाड्या बनवणाऱ्या शहरातल्या मुलींनी मागच्या सीटवर बसून का राहायचं?

कारमध्ये दोन ठिकाणी गाडं अडतं, रिव्हर्स आणि चढ. रिव्हर्सला पाय क्लचवरच ठेव, अर्धा क्लच सोडून गाडी नुसती सरकू दे. एक्सलरेटर सहसा लागतच नाही. स्टिअरिंग कुठं फिरवू असा गोंधळ उडाला तर थांब, चाकं सरळ कर, मग पुन्हा. थांबण्याचे मार्क जात नाहीत, धडकण्याचे जातात. चढासाठी सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पुरतो. हँडब्रेक ओढ, क्लच हळूहळू सोड, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं आणि गाडी थरथरते, तो क्षण ओळख. त्यानंतरच हँडब्रेक खाली. ती थरथर पायाला कळेपर्यंत रोज थोडा वेळ हेच कर, दुसरं काही नको.

टेस्टच्या दिवशीचं फार सांगत नाही. मैदान कुठलं ते अपॉइंटमेंटच्या पावतीवर बघ. सकाळची वेळ घे, मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी कुणाचंच डोकं शांत राहत नाही. लर्निंगची मूळ प्रत, पावती, आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिची आरसी, विमा, पीयूसी. जमलं तर ज्या गाडीवर शिकलीस तीच गाडी ने, अनोळखी क्लचशी त्या दिवशी ओळख करायला नको. नाश्ता करून जा. पुढचे दोघं-तिघं 'आठ' काढताना बघत उभी राहा, पण त्यांच्या चुका मोजत बसू नकोस. इन्स्पेक्टर काय सांगतात ते पूर्ण ऐकून घे. कळलं नाही तर पुन्हा विचार. विचारण्यात कमीपणा नाही.

नापास झालीस तर? होऊ शकतेस. सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नाही जमलं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं आणि त्याआधी उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणून पहिल्या वेळी काय चुकलं ते इन्स्पेक्टरना तिथल्या तिथं विचार आणि तो आठवडा फक्त त्याच गोष्टीला दे. घरी कुणी म्हणेल, "बघ, म्हटलं होतं ना एजंट कर." ऐकून घे आणि सराव कर.

मला खरी काळजी वाटते ती लायसन्स पोस्टानं घरी आल्यानंतरची. किती मुलींची लायसन्स पर्समध्ये ओळखपत्र म्हणून पडून असतात! गाडीची किल्ली दादाच्या खिशात. पास झाल्यानंतरच्या महिन्यात जी रोज चालवत नाही, ती वर्षभरात विसरते. आमच्याकडे आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला तपासणीला न्यायचं होतं. गाडी दारात उभी, आणि चालवणारे दोघंही वाळूजला शिफ्टला. मी किल्ली उचलली, आजीला घेऊन गेले, आणली. त्या दिवसापासून घरात किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवतात, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. तूही पहिल्या आठवड्यापासूनच भाजी, बँक, औषधं, काहीतरी निमित्त काढून चालव. कुणी शेजारी बसून सारखं ओरडत असेल तर त्याला प्रेमानं मागच्या सीटवर बसव. समृद्धी महामार्गाची मात्र घाई नको. दुचाकीला तिथं बंदीच आहे, आणि कारला १२० पर्यंतची मुभा असलेल्या रस्त्यावर नवशिक्या हातानं जायचं नसतं. आधी दौलताबाद, मग वेरूळचा घाट, दिवसाउजेडी.

आणि एक मागणं आहे. काकूला कितीतरी वर्षांपासून स्कूटी शिकायची आहे, तिनं तुला सांगितलं नसेल, मला सांगितलंय. तुझी टेस्ट झाली की तिला पहाटे विद्यापीठात घेऊन जा आणि तिचा अर्जही तूच भर. चाळिशीच्या पुढच्यांना नमुना १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बाकी सगळं तुझ्यासारखंच आहे.