फौजी नावापुढची अक्षरे

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातला एखादा मुलगा फौजेत जायचे म्हणतो, तेव्हा घरची मंडळी उंची, छाती आणि धावणे यांचीच चौकशी करतात. अर्जात 'जीडी', 'क्लार्क/एसकेटी', 'टेक्निकल', 'ट्रेड्समन' यांतील एक वर्ग निवडावा लागतो, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पुढच्या आयुष्याचा बराच भाग त्या निवडीत ठरून जातो.

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, साधा लढाऊ जवान. त्याला दहावीचे ४५ टक्के गुण पुरतात. एसकेटी म्हणजे भांडाराचा हिशेब ठेवणारा स्टोअरकीपर. तो आणि कारकून यांच्यासाठी बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० टक्के आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा हिशेबशास्त्र लागते. अलीकडे टंकलेखनाची परीक्षाही घेतात. आपल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही वाट उघडी आहे, पण फार थोड्यांना ती ठाऊक असते. चोर्ला घाट ओलांडला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, म्हणून भरतीही तिथेच होत असेल असा समज होतो. गोवा मात्र कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे येतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेपासून प्रथम चारच वर्षांची नोकरी मिळते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आता क्रमांकाकडे वळू. 'आयसी' म्हणजे कायम कमिशनचा अधिकारी, 'एसएस' म्हणजे अल्प मुदतीचा, 'जेसी' म्हणजे सुभेदार वर्गातला. शेवटी जे एकटे अक्षर असते ते शोभेचे नव्हे. आधीच्या अंकांवरून गणिताने ते काढलेले असते. लिहिताना एखादा अंक चुकला तर अक्षर जुळत नाही आणि चूक उघडी पडते.

याहून महत्त्वाचा आहे गट. पाचव्या वेतन आयोगानंतर जवानांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन गट होते. सहाव्याने झेड गट वाय गटात मिळवला. मान्यताप्राप्त पदविका असलेल्या एक्स गटातील जवानाला २०१६ पासून दरमहा ६२०० रुपये जादा मिळतात, इतर एक्सवाल्यांना ३६००. निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे असते आणि त्यात ही रक्कम धरली जाते. म्हणजे एका अक्षराने महिन्याला ३१०० रुपयांचा फरक पडतो, महागाई भत्ता वेगळाच. 'समान हुद्दा समान निवृत्तिवेतन' योजनेचे तक्तेही हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे पाहूनच लावतात.

पलटणीच्या कचेरीतला कारकून 'पार्ट टू ऑर्डर' काढतो. लग्न, मुलांचा जन्म, पत्नीचे नाव या नोंदी त्यातूनच सेवापत्रकात चढतात. कागद रुक्ष खरा, परंतु जवान गेल्यावर कुटुंबवेतन मागणाऱ्या बाईचे नाव प्रथम इथेच शोधतात. आपल्याकडे अडचण अशी की गोव्यात लग्नाची नोंद तालुक्याच्या निबंधकाकडे होते आणि तिथे वधूचे माहेरचे नाव असते. सासरी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, रेशनकार्डावर तिसरेच असते. रजेवर आलेल्या जवानाने घाईत सासरचे नाव सांगितले आणि विवाहाचा दाखला जोडला नाही, तर पुढे पंचवीस-तीस वर्षांनी ती बाई आणि नोंदीतली बाई एकच आहे हे प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करावे लागते. तोवर पैसा अडकून पडतो.

गावातल्या माजी जवानाच्या घरी हे कागद बहुधा लोखंडी पेटीत पडून असतात आणि वाचून दाखवायला कॉलेजात जाणाऱ्या मुलालाच बोलावतात. तेव्हा डिस्चार्ज बुक, विवाहाचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी मांडावे, गटाचे अक्षर पाहावे, पत्नीच्या नावाचे स्पेलिंग अक्षरश: ताडून पाहावे. फरक दिसला तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज जवान हयात असतानाच, त्याच्या सहीने जावा. त्याच्या मागे तोच अर्ज करायला बाईला कित्येक खेपा घालाव्या लागतात.