धातूची गिटार : पितळ, पोलाद कीं अॅल्युमिनियम?

ज्यानें गोंधळ ऐकला नाहीं असा मुलगा आपल्या बीड जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचें नांव घेऊन चौक भरला, दिवटी पेटली, कीं संबळाचा कडकडाट सुरू होतो आणि त्याच्या शेजारीं तुणतुण्याची एकुलती एक तार अखंड सूर धरून राहते. तें तुणतुणें कधीं हातीं घेऊन नीट पाहिलें आहे काय? लांकडाचा किंवा पत्र्याचा एक पोकळ नळा, त्याच्या बुडास ताणून बसविलेलें कातडें, नळ्याच्या बाजूस घट्ट जखडलेली बांबूची काठी, आणि कातड्यापासून निघून काठीच्या शेंड्यावरील खुंटीस गुंडाळलेली तार. आजच्या आमच्या प्रश्नाचें निम्में उत्तर या साध्या वाद्यांत आहे.

प्रश्न असा. आमच्या एका विद्यार्थ्यानें दोन उन्हाळ्यांच्या सुट्टींत काम करून कांहीं पैसे जमविले आहेत. त्यांतून त्याला स्वतःच्या मापाची विजेची गिटार करवून घ्यावयाची असून तिचें अंग धातूचें असावें असा त्याचा हट्ट आहे. "गुरुजी, पितळेचें करूं काय? सोन्यासारखें झळकेल," असें त्यानें विचारिलें. पत्रा एकदां कापला म्हणजे पैसा परत येत नाहीं; म्हणून त्यास दिलेलें उत्तर इतरांच्याहि उपयोगी पडावें या हेतूनें येथें विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम, वाद्याचा आवाज कोठून निघतो तें पाहूं. डग्ग्याचें भांडें तांब्याचें आहे कीं मातीचें, यानें त्याचा घुमारा पालटतो. कारण तेथें तें भांडें व आंत कोंडलेली हवा हीं दोन्ही पुडीबरोबर बोलतात. १९२७ सालीं अमेरिकेंत जॉन डोपेरा यांनीं तयार केलेली नॅशनल कंपनीची धातूची गिटार याच जातीची होती. तिचें अंग जर्मन सिल्व्हरचें, म्हणजे तांबें, जस्त व निकल यांच्या मिश्रणाचें. त्यांत नांवापलीकडे चांदी नसते. आंत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकु बसविलेले असत व तारांचें कंपन घेऊन तेच आवाज मोठा करीत.

विजेच्या गिटारीची गोष्ट निराळी. तिच्या तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार हालली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि १८३१ सालीं फॅरेडेनें शोधिलेल्या नियमाप्रमाणें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ती वर्धकांत जाऊन मोठी होते व कर्ण्यांतून आवाजरूपानें बाहेर पडते. येथें अंगानें स्वतः गावयाचें नसतें. तारांस खंबीर आधार देऊन स्वस्थ राहावयाचें असतें. ही एक गोष्ट ध्यानीं ठेविली म्हणजे पुढील निवड सोपी होते.

आतां तराजू हातीं घेऊं. गिटारीच्या अंगाचें घनफळ ४,००० घन सेंटिमीटर धरिलें, तर तें हलक्या लांकडाचें सुमारें २.२ किलो भरेल. तेंच भरीव अॅल्युमिनियमचें केलें तर जवळजवळ ११ किलो, पोलादाचें ३१ किलो व पितळेचें ३४ किलो! असलें वाद्य गळ्यांत अडकवून दोन तास कोण उभा राहील? म्हणून धातूचें अंग पत्र्याच्या पोकळ पेटीसारखें करावें लागतें. पेटीचें पृष्ठफळ २,४०० चौरस सेंटिमीटर धरावें. १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा १.९ किलो, तितकाच जाड पितळी पत्रा २ किलो, आणि ३ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा १.९ किलो भरतो. तिघांचें वजन जवळजवळ सारखें. मग फरक कोठें?

फरक ताठपणांत आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. जाडी तिप्पट झाली कीं ताठपणा सत्तावीसपट होतो. अॅल्युमिनियम हा धातु मूळचा पोलादाच्या एकतृतीयांशच ताठ आहे खरा. तरीहि सत्तावीसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे नऊपट ताठपणा, शिल्लक राहतो. पितळेच्या मानानें तो सुमारें एकोणीसपट होतो. याचें महत्त्व घरीं पडताळून पाहतां येईल. पातळ थाळी मोठ्या कर्ण्यासमोर धरा. ती बोटांत थरथरते. गिटारीचा पातळ पत्राहि असाच कर्ण्याच्या आवाजानें थरारतो, तें थरारणें वेटोळ्यास व तारांस पोहोंचतें, पुन्हां कर्ण्यांतून मोठें होऊन येतें, आणि शेवटीं गाण्याच्या ठिकाणीं किंकाळी ऐकूं येते.

मग अॅल्युमिनियमांत दोष नाहीं काय? आहे, आणि आपल्या जिल्ह्यांत तो विशेष जाणवेल. अॅडॉल्फ रिकनबॅकर व त्यांचे सहकारी यांनीं १९३२ सालीं विक्रीस आणलेली विजेची गिटार दांडीसकट अॅल्युमिनियमची ओतीव होती. आकारावरून लोकांनीं तिला तव्याचें नांव दिलें. रंगभूमीवरील प्रखर दिव्यांनीं ती तापली कीं सूर बिघडे. कारण सरळ आहे. ६५ सेंटिमीटर लांबीचें अॅल्युमिनियम २० अंशांनीं तापलें तर ०.३ मिलिमीटर वाढतें; पोलादी तार त्याच्या निम्मीच वाढते. हा फरक क्षुल्लक दिसतो. परंतु सर्वांत बारीक तार मुळांत साडेचार मिलिमीटरच्या आसपासच ताणलेली असते. त्यामुळें एवढ्यानेंहि तिचा सूर अर्ध्या स्वराच्या चतुर्थांशाहून अधिक चढतो. बीडच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेथें काय होईल याचा विचार करावा.

यावर उपाय तुणतुण्याकडून शिकावा. त्यांत तारेचा ताण बांबूची काठी पेलते. गिटारीतहि पेटीच्या मध्यभागीं दांडीपासून घोडीपर्यंत सागाचा अखंड ठोकळा घालावा आणि दांडी व घोडी त्यावरच जखडावी. सहा तारांचा एकत्र ओढा सुमारें ४५ किलो असतो. तो लांकडानें सोसावा. पत्र्याचीं भोंकें किंचित् लांबट ठेवावीं, म्हणजे तो तापून वाढला तरी ठोकळ्यास ओढणार नाहीं.

चुंबकाचाहि विचार करावा. वेटोळ्यास लागून पोलाद आलें कीं चुंबकीय क्षेत्राचा आकार बदलतो. पितळ व अॅल्युमिनियम चुंबकाकडे ओढले जात नाहींत, तथापि त्यांत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठून तीव्र स्वरांचा तजेला मंदावतो. यास्तव वेटोळ्याभोंवतींचा पत्रा ऐसपैस कापावा. घामाचें म्हणाल, तर पोलाद गंजतें, पितळ कळकतें, हें स्वयंपाकघरांत कोणासहि ठाऊक आहे. अॅल्युमिनियमवर त्याच्याच प्राणिदाचा पातळ थर आपोआप चढून आंतील धातु सुरक्षित राहतो.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. धातूचें अंग घोडी व तारांसह वर्धकाच्या भूमितारेस जोडलेंच पाहिजे, नाहीं तर सतत घुं-घुं ऐकूं येते. परंतु वर्धकांत बिघाड असला आणि भिंतींतील भूमितार तुटलेली असली, तर तीच जोडणी घरची वीज वाजविणाऱ्याच्या हातीं आणून सोडते. हातीं गिटार व ओठांशीं ध्वनिग्राहक, असा प्रसंग प्राणघातक होऊं शकतो. जत्रेंत किंवा लग्नमंडपांत तात्पुरत्या तारा ओढलेल्या असतात. तेथें तीन खिळ्यांची जोडणी शाबूत आहे कीं नाहीं हें जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून, व गळती होतांच वीज तोडणारें बटण बसविलेलें असल्यावांचून, धातूची गिटार गळ्यांत घालूं नये. हा खर्च पत्र्याच्या आधीं धरावा.

सारांश, आमचा सल्ला असा : मध्यें सागाचा ठोकळा, भोंवतीं तीन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि सांधे स्क्रूनें केलेले. नांगर व ट्रॉल्या जोडणारा कारागीर लोखंड उत्तम जोडतो. अॅल्युमिनियम वितळवून जोडण्यास मात्र आर्गॉन वायूचें आवरण व वेगळा सराव लागतो. स्क्रू वापरले म्हणजे तो खर्च वांचतो, आणि चूक झाली तर पेटी पुन्हां उघडतांहि येते.

विद्यार्थ्यानें हें सर्व वहींत लिहून घेतलें व वजनाचे आंकडे स्वतः पुन्हां करून पाहिले. पितळेचा त्याचा सोस मात्र पुरता गेलेला नाहीं. तेव्हां खुंट्यांच्या टोप्या तेवढ्या पितळेच्या कराव्या आणि दर रविवारीं चिंचेनें त्यानेंच घासाव्या, अशी तडजोड ठरली आहे.