ट्रकचं इंजिन बांधताना जादा पैसा कुठे घालावा?

जुन्नर-आंबेगावात ट्रकचं इंजिन उघडलं की मालकापुढे एक प्रश्न हमखास येतो. 'उघडलंच आहे, तर थोडं भारीतलं टाकू का?' मिस्त्री काळजीपोटी विचारतो, दुकानदार विक्रीसाठी. भारीतलं टाकावं, पण सगळीकडे नाही. जो भाग पुन्हा गाठायचा तर इंजिन परत उघडावं लागेल, तिथे हात आखडता घेऊ नका. जो भाग नंतर बाहेरूनही बदलता येतो, तो चालू स्थितीत असेल तर थांबा. आणि इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी एक रुपयाही घालू नका.

आधी आपला रस्ता बघा

नारायणगावचा टोमॅटो किंवा ओतूर-आळेफाट्याचा कांदा घेऊन कल्याण-वाशीला जाणारा ट्रक माळशेज घाट भरलेला उतरतो. चढताना तो बहुतेक वेळा रिकामा असतो, नाहीतर खत-सिमेंटचं परतीचं भाडं असतं. म्हणजे या धंद्यात घाटातली खरी परीक्षा उतारावर होते. खालच्या गिअरमध्ये मालाचं वजन इंजिनाला ढकलतं, फेरे मर्यादेबाहेर जायला बघतात आणि ताण व्हॉल्व्ह स्प्रिंगवर व कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर येतो. तिथे जास्त ताकदीचा उपयोग नाही, मजबुतीचा आहे.

उसाच्या गाड्यांचं वेगळं. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या फेऱ्या जवळच्या, पण फुफाट्याच्या, शिवाय गव्हाणीसमोर रांगेत इंजिन तासन्‌तास चालू. अशा गाडीला एअर फिल्टर, त्याचे होज आणि रेडिएटर आधी बघा. फिल्टरच्या पुढचा एक फुटका होज नव्या रिंगा एका हंगामात खाऊन टाकतो.

इथे काटकसर नको

*कनेक्टिंग रॉडचे बोल्ट.* घट्ट आवळताना ते ताणले जातात. जुने पुन्हा वापरले आणि एक जरी तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. सगळ्या कामात सर्वांत कमी पैशात सर्वांत मोठं नुकसान टाळणारा खर्च हाच.

*मेन आणि बिग एंड बेअरिंग.* नामांकित कंपनीचंच घ्या, पण जुनी बेअरिंग मिस्त्रीला फेकू देऊ नका. ती हातात घेऊन उजेडात धरा. करड्या थराखालून तांबूस धातू सगळीकडे सारखा दिसत असेल, तर नेहमीची झीज आहे. एकाच जोडीवर किंवा एकाच कडेला दिसत असेल, तर रॉड वाकडा, क्रँक सरळ नाही किंवा तिथवर ऑइल नीट पोचत नाही. अशा वेळी भारीतलं बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही. कारण शोधण्याचे पैसे आधी द्या.

*पिस्टन, लाइनर, रिंगा.* जड कामाच्या डिझेल इंजिनात वरच्या रिंगेच्या खाचेला बिडाचं कडं बसवलेला पिस्टन खाच लवकर मोठी होऊ देत नाही. तुमच्या इंजिनाला कंपनीने तोच दिला असेल, तर साधा पिस्टन घालून पैसे वाचवू नका. मूळचा साधाच असेल, तर त्याच पार्ट नंबरचा चांगल्या मेकचा पुरे.

*ऑइल पंप, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह सील आणि स्प्रिंग.* ऑइल पंप बऱ्याच इंजिनांत चेंबर काढल्यावरच हाती येतो. झीज मापात नसेल, तर नवाच घाला.

मोजा, मग ठरवा

क्रँक 'बघून' ठरत नाही, मायक्रोमीटर लावून ठरतो. ग्राइंडिंग 0.25 मिमीच्या पायरीने होतं. आधी दोन-तीनदा झालं असेल तर नव्या क्रँकचा भाव काढा, कारण पुढच्या वेळी त्या मापाचं बेअरिंग मिळेलच असं नाही. ब्लॉकचंही तसंच. कमिन्सच्या 5.9 लिटर इंजिनाला मूळचा लाइनर नसतो, ब्लॉकमध्येच बोअर असतो. तो आधी 0.5 आणि मग 1 मिमीपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे स्लीव्ह बसवावी लागते.

हेड प्रेशर टेस्ट करून घ्या. टेस्टचा खर्च किरकोळ असतो, तडा गेलेल्या हेडवर नवं गॅस्केट घालण्याचा नाही. नोझल आणि डिझेल पंप टेस्ट बेंचवर तपासल्याशिवाय बदलू नका. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून खेळ बघा. तो मापात असेल आणि ऑइल गळत नसेल, तर टर्बो तसाच राहू द्या. तो बाहेरूनच निघतो.

ताकद वाढवण्याचा हिशेब

पंपातून डिझेल वाढवून, मोठा टर्बो घालून 'गाडी उडते' असं सांगणारे भेटतील. समजा, त्याला 35,000 रुपये लागले. गाडी महिन्याला 4,000 किमी चालते, ॲव्हरेज 4 किमी, डिझेल 90 रुपये लिटर धरा. म्हणजे महिन्याला 1,000 लिटर, 90,000 रुपये.

सांगणाऱ्याचं खरं मानून ॲव्हरेज 4.2 झालं, तर महिन्याला साधारण 48 लिटर, म्हणजे 4,300 रुपये वाचतील. पैसे फिटायला सव्वाआठ महिने लागतील, तेही गाडी रोज चालली तर. हंगामी गाडीला दुसरा हंगाम उजाडेल. पण डिझेल वाढवल्यावर ॲव्हरेज उलट 3.8 वर आलं, तर दरमहा 4,700 रुपये जादा जातील. शिवाय वाढलेली उष्णता पिस्टन आणि हेड गॅस्केटवर, वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स आणि क्राऊनवर. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या डायरीतले घालून पुन्हा मांडा.

एवढं करून भाडं वाढत नाही, कारण आरसी बुकावरचं वजन तेवढंच राहतं. जादा माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहेत. बीएस-6 गाडीची धूर-यंत्रणा किंवा ईसीयूची सेटिंग बदलणं तर कायद्यातच बसत नाही. नियमबाह्य बदलाला कलम 182ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अंदाजपत्रक लेखी घ्या

एकच गोळाबेरीज आकडा स्वीकारू नका. चार भाग वेगळे मागा: सुटे भाग (मेक आणि पार्ट नंबरसह), लेथचं काम, मिस्त्रीची मजुरी, ऑइल-फिल्टर-कूलंट. एकूण रकमेच्या 15 टक्के वेगळे ठेवा, इंजिन उघडल्यावर काही ना काही निघतंच.

दर जुने असतील तर पुन्हा विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. आधी बऱ्याच भागांवर तो 28 टक्के होता. 10,000 रुपयांच्या अशा भागावर 1,000 रुपयांचा फरक पडतो. 'बिल नको, स्वस्तात देतो' याला भुलू नका. बिल नसेल तर वॉरंटी नाही, नकली माल निघाला तर दादही नाही.

स्वतःची एक गाडी पोटापाण्यासाठी चालवणारा मालक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक ठरतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

ब्लॉक किंवा अख्खं इंजिन बदलणार असाल, तर इंजिन नंबर बदलतो. आधी आरटीओची परवानगी घ्या, मग आरसीवर नोंद करून घ्या. नाहीतर फिटनेसला गाडी अडेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवेल.

काम कधी काढावं

टोमॅटोची गाडी असेल तर उन्हाळ्यात आवक वाढण्याआधी, उसाची असेल तर पावसाळ्यात. नवं बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस कमी वजनावर, वेग बदलत चालवावं लागतं आणि पहिलं ऑइल व फिल्टर लवकर बदलावं लागतं. ऐन हंगामात बांधलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून माळशेजला उतरवलं, तर रिंगा बसायच्या आत घासल्या जातात आणि भारीतल्या सामानाचा पैसा तिथेच संपतो.

पैसे कमी पडत असतील तर क्रम असा ठेवा: आधी मोजमाप आणि लेथ, मग बोल्ट-बेअरिंग-ऑइल पंप, मग पिस्टन-लाइनर आणि हेड, शेवटी बाहेरचे भाग. हा क्रम अंदाजपत्रकावर लिहून मिस्त्रीला दाखवा आणि त्यातलं काय, कोणत्या मेकचं बसणार यावर त्याची सही घेऊनच इंजिन खाली उतरवा.