झिंक सल्फेट घेताना पूर्ण नाव वाचा

भात लावणी जवळ आली. माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर दुकानात नुसतं "झिंक द्या" म्हणू नका, पिशवीवरचं शेवटपर्यंत वाचा.

नावात आधी धातू येतो: झिंक, म्हणजे जस्त. मग त्याला जोडलेला भाग, सल्फेट. खरी मेख पुढच्या शब्दात. मोनोहायड्रेट म्हणजे एका झिंक सल्फेटमागे पाण्याचा एक रेणू, हेप्टाहायड्रेट म्हणजे सात. पाणी जास्त तेवढं जस्त कमी: हेप्टात २१ टक्के, मोनोत ३३ टक्के. म्हणून एकरी १० किलो हेप्टा सांगितलं असेल तर मोनो साधारण साडेसहा किलो पुरतं. दर विचारतानाही हे धरा, हेप्टा स्वस्त दिसतं पण त्यात बरंचसं वजन पाण्याचं.

(शाळेतला कार्बन डायऑक्साईड आठवतोय? तिथलं 'डाय' म्हणजे दोन. डीएपीतला पहिला डी तोच, दोन अमोनियम.)

झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकायचं नाही. जस्त आणि स्फुरद एकमेकांत अडकतात, पिकाला लागू होत नाहीत. काही दिवसांचं अंतर ठेवा.

पिशवीबद्दल शंका असेल तर पैसे देण्याआधी लेबलचा फोटो याच नंबरवर पाठवा.