फादर फ्रान्सिस दिब्रिटो : श्रद्धा आणि गद्य

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा बहुधा फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (१६१६) निघून रेव्हरंड ना. वा. टिळकांपाशी थांबते. स्टीफन्स कॅथलिक, टिळक प्रॉटेस्टंट. तरी ख्रिस्तकथेसाठी दोघांनीही पद्याचाच आश्रय घेतला. वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी मात्र मुख्यत्वे गद्य निवडले. या निवडीमागील भाषिक परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाजाची घरची बोली कादोडी, लेखनाची भाषा प्रमाण मराठी आणि मिस्साची भाषा लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. त्यानंतरच्या धर्मगुरूंना आपली श्रद्धा मराठीत नव्याने मांडणे क्रमप्राप्त झाले. दिब्रिटो यांचे ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकालीन संपादन आणि त्यांचे ‘सुबोध बायबल’ याच संदर्भात पाहावयास हवे. ‘सुबोध’ हे विशेषण केवळ शैलीवाचक नाही. ख्रिस्तेतर मराठी वाचकही येथे गृहीत धरलेला आहे. वसईची हिरवाई राखण्याच्या आंदोलनातील त्यांचा सहभागही या श्रद्धेपासून वेगळा काढता येत नाही.

२०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०१९ मध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू असल्याचा आक्षेप काहींनी घेतला. संतांच्या भक्तीला वाङ्मय मानणाऱ्या भाषेत हा आक्षेप विचित्रच म्हटला पाहिजे. ‘ख्रिस्ती साहित्य’ असा स्वतंत्र कप्पा करून समीक्षेनेही पूर्वी तेच केले होते, अधिक सभ्यपणे इतकेच.