शेततळ्यातील विषाणूरोग : ब्लिचिंग पावडर कोठे तारते, कोठे मारते

वाशीम जिल्ह्यात हरभऱ्याच्या संरक्षित पाण्यासाठी खोदलेल्या शेततळ्यात कटला, रोहू सोडून जोडउत्पन्न घेता येते. मात्र मासे मरू लागताच तळ्यात ब्लिचिंग पावडर ओतू नका. थोडाही क्लोरीन कल्ले जाळतो आणि उरलेले मासेही जातात.

ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर बहुधा प्राणवायू कमी पडला आहे. तेथे ताजे पाणी सोडावे. विषाणूरोग वेगळा. तिलापियावरील टिलव्ही या विषाणूची भारतातील नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. माशाच्या शरीरात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. पोटॅशियम परमँगनेटचे स्नानही तेथवर पोचत नाही. रसायनाचे काम आहे ते रिकामे तळे, जाळी व भांडी यांवर.

उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की मेलेले मासे व गाळ आधी काढावा. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. २० × २० × ३ मीटर तळ्याचे काठ एकास एक उताराचे असतील तर तळ १४ × १४ मीटर असतो. अर्धा मीटर पाणी उरल्यास ते सुमारे १०५ घनमीटर भरते. दर घनमीटरला ५० ग्रॅम, म्हणजे सव्वापाच किलो ताजी पावडर (३० टक्के क्लोरीनची) प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून सायंकाळी फेकावी. उन्हात क्लोरीन लवकर उडतो. उघड्या पोत्यातील जुनी पावडर म्हणजे निव्वळ चुनाच समजा.

चुना आणि ब्लिचिंग एकाच दिवशी टाकण्याची पद्धत मला पटत नाही. चुन्याने सामू चढतो व क्लोरीनची धार बोथट होते. आपल्या काळ्या जमिनीतले पाणी आधीच विम्लधर्मी. म्हणून चुना आठवड्याने द्यावा. ते पाणी नाल्यात सोडू नये. बीज सोडण्यापूर्वी नव्या पाण्यात चार बोटुकल्या जाळीत ठेवून दिवसभर पाहावे.

भाड्याने आणलेले जाळे हा रोग येण्याचा मोठा मार्ग. ते आधी साध्या पाण्याने धुवावे, मग २० लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर कालवून त्यात अर्धा तास बुडवावे, खंगाळून कडक उन्हात वाळवावे. नायलॉन जाळे रात्रभर ठेवल्यास धागा कुजतो. हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा. पावडरीत अ‍ॅसिड मुळीच मिसळू नये. विषारी वायू निघतो.